सुरुवातीची चित्रं

आमचे घरमालक ती मालिका कधीच बघत नसत. ते फक्त सुरुवातीची चित्रं बघत. रविवारी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना माझ्या खोलीच्या दारात येत, चपला उंबऱ्याबाहेर काढत आणि खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभेच राहत. चित्रं संपली, मालिकेचं नाव पडद्यावर आलं, की म्हणत, "झालं. आता नाटक सुरू." मग चपला पायात घालून चालू लागत. पुढचा अर्धा तास अंतराळात कोणाचं यान भरकटलं, कोण कुठल्या ग्रहावर अडकलं, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. मूळची सांगलीकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू होताना. वय पंचवीस, जीभ तिखट आणि आपल्याला सगळं माहीत आहे याची खात्री पक्की. मांडवीच्या बाजूला त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी पडवीत उभं राहून नियम सांगितले.

"बाई, कौलांवर कोणी चढायचं नाय. एक कौल सरकलं की पावसात घर माझ्या डोक्यावर. दुसरं, आवारात पाचोळा जाळायचा नाय. आणि जेवणाखाणाचं काय असेल ते आत विचारा, मला त्यातलं कळत नाय."

कौलांचं मला पटलं. पाचोळ्याचं कळेना. कोकणात उन्हाळ्यात जिथे बघावं तिथे लोक पाला जाळत असतात, शेतं भाजत असतात. हे गृहस्थ मात्र आंब्याफणसाचा सगळा पाला स्वतः गोळा करून माडांच्या बुंध्याशी खड्ड्यात पुरायचे. शेजाऱ्याने आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे ढीग पेटवला, की त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायचे आणि धूर बसेपर्यंत बंदरावर जाऊन बसायचे. मला वाटलं, दमा असेल.

घरात माणसं दोनच. ते आणि त्यांच्या वहिनी. मी त्यांना काका आणि काकी म्हणायला लागले, आणि ते नवरा-बायको नव्हेत हे मला चक्क तिसऱ्या दिवशी कळलं, काकींनी त्यांना "भाऊजी" म्हटलं तेव्हा. काकी साठीच्या घरातल्या. अंगाने काटकुळ्या, फिकट लुगडं, कपाळ मोकळं, हात मोकळे. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले. "बाय, भाऊजींना सांग, पान वाढलंय." भाऊजी चार हातांवर उभे असत आणि त्यांना ऐकू गेलेलं असे, तरी मी सांगेपर्यंत जागचे हलत नसत. मी यायच्या आधी ही दोघं कोणामार्फत बोलत होती, कोण जाणे.

काकांनी जन्मभर बंदराच्या कचेरीत कारकुनी केली होती. कुठलं गलबत कधी सुटलं, कधी लागलं, याची नोंद ठेवायची. त्यांच्याबद्दल कचेरीतले जुने लोक एक गोष्ट सांगायचे. एखादं गलबत वादळात सापडलं, महिना झाला, दोन महिने झाले, फळ्या किनाऱ्याला लागल्या, की साहेब म्हणायचे, "बुडाले असे लिहा." काका लिहायचे, "अद्याप आलेले नाही." साहेब बदलले, रागावले, मेमो दिले. काका वरच्या पट्टीत बोलत नसत, पण लिहायचे तेच. "बुडालं हे मी बघितलं नाय," म्हणायचे. "आलं नाय, एवढंच मी बघितलं."

निवृत्त झाल्यावरही खोड गेली नव्हती. माझी छत्री बसमध्ये राहिली. मी म्हटलं, "काका, छत्री हरवली." ते गंभीरपणे म्हणाले, "हरवली म्हणू नका, बाई. आलेली नाय म्हणा." शेजारची मांजर वर्षभर दिसली नव्हती, तिच्यासाठी ते अजून माशाचं डोकं गडग्यावर ठेवत आणि ते कावळे नेत. मी शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करायची. "मुख्याध्यापक मीटिंगला? अद्याप आलेले नाहीत!" सगळे हसायचे. एकदा मात्र गणित शिकवणारी नसीमा हसली नाही. ती त्याच आळीत वाढलेली. मधल्या सुट्टीत तिने मला बाजूला घेतलं.

"नको गो त्यांची नक्कल करू," ती म्हणाली. "त्यांचं काय झालंय ते तुला ठाऊक नाय."

मग तिने सांगितलं. काकांचा थोरला भाऊ मोठ्या आगबोटींवर खलाशी होता. लग्न झालं आणि वर्षभराने तो बोटीवर गेला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. बोट कुठे गेली ते कोणी सांगेना. काकी कुंकू लावून वाट बघत राहिल्या. वर्षं गेली. धाकट्याचं, म्हणजे काकांचं, लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या बापाने अट घातली. ज्या घरात थोरली जाऊ ना सवाष्ण ना विधवा अशी लटकलेली आहे, त्या घरात मी मुलगी देत नाही. आधी काय ते एक करा.

अशा वेळी बारा वर्षं मोजायची रीत आहे. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचं नाव देतात आणि अग्नी देतात. पण बारा वर्षं कधीपासून मोजायची? बुरोंडीचा एक खलाशी सांगत होता, लढाई संपल्यावर कुठल्याशा परदेशी बंदरात मी त्याला भेटलो, आम्ही एकत्र चहा प्यालो. त्या हिशेबाने अजून तीन वर्षं थांबायला हवं होतं. शेवटच्या पत्रापासून धरलं तर बारा पुरी होत होती. काका म्हणाले, "त्या दारुड्याचं काय धरायचं?" पितृपक्षात विधी झाला. पुतळ्याला अग्नी काकांनी दिला. काकींच्या बांगड्या फोडल्या.

"आणि तेराव्याच्या दिवशी," नसीमा म्हणाली, "वहिनी वाढायला आल्या, ह्यांनी त्यांचे मोकळे हात बघितले नि पानावरून उठले. तसेच चालत मुलीच्या बापाकडे गेले, लग्न मोडून आले. त्यावर तीस वर्षं झाली."

नक्कल मी त्या दिवशी बंद केली. पाचोळ्याचंही कोडं सुटलं. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच आला. करायचं ते करून बसले आणि मग जन्मभर मासळीची डोकी गडग्यावर ठेवत राहिले. त्याने काकींच्या हातात बांगड्या परत येणार होत्या थोड्याच?

रत्नागिरीत तेव्हा टीव्ही नुकताच दिसायला लागला होता. मी एक लहानसा काळापांढरा संच घेतला. अँटेना कौलांवर लावायला बंदी, म्हणून काकांनीच तोडगा काढला. आवारातल्या माडाला एक उंच बांबू बांधला. चाळीस वर्षं बंदरात काढलेला माणूस, गाठी अशा मारल्या की पुढे खोली सोडताना मला दोर कापावा लागला.

पहिल्या रविवारी ते खाली उभे राहून बांबू फिरवत होते आणि मी खिडकीतून ओरडत होते. "आलं का?" "नाही! थोडं डावीकडे! आलं, आलं!" चित्र आलेलं बघायला ते आत आले, आणि नेमकी तेव्हा ती परदेशी मालिका सुरू होत होती.

तिची सुरुवात मात्र सुंदर होती, हे मानायला हवं. आधी गुहेच्या भिंतीवर उमटलेला माणसाचा पंजा. मग ओंडक्यांचा तराफा. मग शिडांचं मोठं जहाज, वाफेचं इंजिन, पंख बांधून टेकडीवरून उडी मारणारा वेडा माणूस, काठ्या आणि कापडाचं विमान. हे सगळं जुन्या चित्रांतून आणि जुन्या बातमीपटांतून घेतलेलं. मग काळ्या आकाशात एक चकचकीत धातूचा गोल, त्याला मागे चार काड्या. त्यानंतर जगभरातली वर बघणारी माणसं. एक म्हातारा दुर्बिणीशी, गच्चीवरची पोरं, एका मालवाहू बोटीच्या डेकवर उभे असलेले पाच-सहा खलाशी. ते खलाशी दोन सेकंद दिसत, फार तर तीन. मग अग्निबाण, मग ते खोटं अंतराळयान आणि मालिकेचं नाव.

काकांनी दाराची चौकट धरली.

"हे परत दाखवतील?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी. दर भागाआधी हेच दाखवतात."

तो आठवडा त्यांनी मला रोज विचारलं. चित्रं तीच असतील ना? बदलत तर नाहीत? मला गंमत वाटली. म्हातारपणी माणसाला विज्ञानाची गोडी लागली म्हणून मी खूशच होते. दुसऱ्या रविवारी चित्रं संपल्यावर ते गेले नाहीत.

"बाई, ही चित्रं केलेली असतात का खरी?"

"यानाचं खोटं. बाकी खरी. त्या त्या काळात घेतलेली."

"तो गोल कधी उडाला?"

"तो पहिला कृत्रिम उपग्रह. सत्तावन्न साली, ऑक्टोबरात."

"नक्की?"

"काका, मी विज्ञान शिकवते."

"आणि ही माणसं तोच बघतायत?"

"मग दुसरं काय बघणार?" मी म्हटलं.

माझा तो सूर मला अजून ऐकू येतो. वर्गात एखाद्या ढ मुलीला उत्तर द्यावं तसा. काकांनी मान हलवली आणि बाहेर पडले. त्यांच्या चपला माझ्या उंबऱ्यापाशी तशाच राहिल्या. ते अनवाणी बंदरावर गेले होते. चपला संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या.

त्यानंतर ते जेवेनासे झाले. पान वाढलंय म्हणून मी सांगायची, ते येऊन बसायचे, चार शितं चिवडायचे आणि उठायचे. काकी मला खुणेने विचारायच्या, मी खांदे उडवायची. रविवारी मात्र दहाला पाच मिनिटं असताना भिंतीशी हजर. मालिकेचे तेरा भाग होते. चौथ्या भागानंतर ते बाजारात गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा घेऊन आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला.

"वहिनी, हे भरा."

मला मधे न घेता ते त्यांच्याशी थेट बोललेले मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. काकींनी पुडा सोडला. आत हिरव्या बांगड्या होत्या. काचेच्या, डझनभर.

काकी बांगड्यांना हात न लावता उठल्या आणि मी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या खोलीत आल्या.

"बाय, भाऊजींना काय झालंय गो? डोकं फिरलंय काय?"

काका मागोमाग पडवीत येऊन उभे राहिले होते. आमच्याकडे पाठ करून, आवाराकडे बघत ते बोलले.

"वहिनी, दादा सत्तावन्न साली जिवंत होता. मी त्याला छप्पन्न साली जाळला."

मग त्यांनी सांगितलं. त्या बोटीच्या डेकवर डावीकडून तिसरा माणूस. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलाय, पण उलटा. तळवा बाहेर. दादा लहानपणी आंब्यावरून पडला होता, कोपर मोडलं होतं, हाडवैद्याने ते वाकडं बसवलं. तेव्हापासून त्याचा तो हात सरळ फिरत नसे, म्हणून डोळ्यांवर धरला की तळवा बाहेर यायचा. "जगात असा हात धरणारा माणूस मी एकच बघितलाय," काका म्हणाले. "बाईंनी साल सांगितलं. बाई विज्ञानाच्या आहेत."

मला तिथल्या तिथे भूमीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी उपग्रहाचं साल का विचारलं ते मला आत्ता कळत होतं.

काकी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मला दिसेल काय ते?"

पुढच्या रविवारी त्या टीव्हीसमोर बसल्या, पण दोन सेकंदांत त्यांना काय दिसणार? डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. बोट आली म्हणेपर्यंत अग्निबाण उडालासुद्धा. "गेलं पण?" त्या म्हणाल्या. काका भिंतीशी उभे होते, त्यांच्या कपाळावर घाम होता.

मग मी नसीमाला गाठलं. तिचा भाऊ कुवेतला होता आणि त्याने व्हीसीआर आणला होता. तो ती रिक्षात घालून, मांडीवर लेकरासारखा धरून घेऊन आली. पुढच्या रविवारी आम्ही चित्रं कॅसेटवर घेतली. दुपारी जेवणं झाल्यावर, म्हणजे काका पानाशी बसून उठल्यावर, खिडक्या लावल्या आणि कॅसेट लावली. काकींना मी टीव्हीच्या अगदी जवळ बसवलं. नसीमाने बटण दाबून चित्र थांबवलं.

थांबलेलं चित्र थरथरत होतं, मधून एक पांढरी रेघ जात होती. पण कोपर दिसत होतं. वाकडं कोपर, कपाळावर टेकलेला हात, तळवा बाहेर.

आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. ती मला पहिल्याच रविवारी दिसायला हवी होती. डेकवर त्या माणसांच्या सावल्या पडल्या होत्या, आखूड, पायांजवळ गोळा झालेल्या. भर दुपारची वेळ. उपग्रह कधी दुपारी दिसतो का? तो दिसतो सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून कोणी उपग्रह बघत नाही. हे मी पोरांना शिकवत होते, आणि मलाच सुचलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "हे उपग्रह बघत नाहीयेत. विमान असेल, पक्षी असेल, काहीही असेल. मालिकावाल्यांनी कुठलं तरी जुनं चित्र उचलून तिथे जोडलंय. ते सत्तावन्न सालचंच असेल असं नाही. आधीचंही असेल. लढाईच्या आधीचं, लढाईतलं…"

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सैल झालं आणि पुन्हा आवळलं.

"म्हणजे नंतरचंही असेल," ते म्हणाले.

 

"वहिनी," काका म्हणाले, "तुम्ही सांगा. नीट बघा. कोपर बघा."

काकी पुढे वाकल्या. इतक्या, की त्यांचं नाक काचेला लागेल असं वाटलं. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. किती वेळ बघत होत्या सांगता येत नाही. चित्र जास्त वेळ थांबवलं की मशीन आपोआप बंद पडे. तसं ते दोनदा पडलं आणि नसीमाने दोनदा परत लावलं. मग काकी मागे सरल्या.

"कोपर काय, कोणाचंही वाकडं असतं," त्या म्हणाल्या. "हे ते नव्हेत."

"वहिनी—"

"चौदा महिने मी त्यांच्यासोबत संसार केलाय, भाऊजी. मला कळत नाय? हे ते नव्हेत." आणि पदर सावरून त्या उठल्या, चहा ठेवायला आत गेल्या.

काका भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. माझ्या खोलीत बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. काकी वाढत होत्या आणि ते खात होते, आणि मी विचार करत होते की चला, सुटलं एकदाचं. निघताना नसीमाने विचारलं, "कॅसेटचं काय करू गो? माझ्या भावाच्या लग्नाला लागणार आहे." मी म्हटलं, "घे की. पुसून टाक. त्यात आता काय आहे?"

पुढच्या रविवारपासून काका चित्रं बघायला आले नाहीत. मालिकेचे उरलेले भाग मी एकटीने बघितले. पण चालता-फिरता, विहिरीवर, पडवीत, ते मला थांबवून म्हणायचे, "वहिनी कधी खोटं बोलत नाय हां, बाई." मी म्हणायची, "नाहीच बोलत." दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटायचं, माणूस खातरजमा करून घेतोय. आता वाटतं, ते मला विचारत होते आणि मी त्यांना उत्तर देत नव्हते.

बांगड्यांचा पुडा कोणी उचलला मला माहीत नाही. एक दिवस तो उंबऱ्यावर नव्हता.

दिवाळीनंतर काकांना ताप आला. चार दिवस अंगावर काढला. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दुपारी तीनच्या सुमाराला गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला एकदा हाक मारली. मला वाटलं पाणी मागतायत. म्हणाले, "बाई, बुरोंडीचा तो माणूस दारू पीत नव्हता. मीच तसं सांगितलं सगळ्यांना." हे त्यांनी काकींना कधी सांगितलं होतं का, मला विचारायचं धैर्य झालं नाही. मीही काकींना सांगितलं नाही.

त्यांच्या मागे काकींनी आवारातलं काही बदललं नाही. पाला गोळा करायला गडी लावला, तो काडेपेटी काढायला लागला तेव्हा त्याच्या हातातून घेतली आणि खड्डा दाखवला.

महिन्याभराने माझी बदली झाली. सांगलीकडेच मिळाली. मी सामान बांधत होते, माडाचा दोर कापून झाला होता, तेवढ्यात काकी दारात आल्या. जिथे काका चपला काढत, नेमक्या तिथे उभ्या राहिल्या.

"जायच्या आधी एकदा दाखव गो बाय."

"काय काकी?"

"ती डबी. ह्यांची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, डबी म्हणजे ती कॅसेट. बायको नवऱ्याबद्दल बोलताना 'ह्यांची' म्हणते, तसं त्या म्हणाल्या होत्या.

"काकी, तुम्ही तर म्हणालात ते नव्हेत म्हणून."

"मग काय सांगायचं होतं?" काकी म्हणाल्या. "तेच ते, असं सांगितलं असतं तर भाऊजी त्याच दिवशी गेले असते. तीस वर्षं बघतेय मी. दुसऱ्याच्या घरचा पाला पेटला तरी त्यांना घरात बसवत नसे."

"पण ते चित्र आधीचं असू शकतं. विधीच्या कितीतरी आधीचं. तसंही सांगता आलं असतं…"

"आधीचं काय नि नंतरचं काय." त्यांनी हात झटकला. "ते तुमचं, सालाचं. मला बघायचेत. चौदा महिने बघितले मी त्यांना, त्यातले अर्धे पदराआडून. आता भाऊजी नाहीत, आता बघायला कोणाची भीती हाय? लाव."

मी खाली बसले. कॅसेट नसीमाकडे दिली होती हे सांगितलं. तिच्या भावाचं लग्न त्यावर घेतलंय हे सांगितलं. पुसून टाक असं मीच म्हटलं होतं, तेही सांगितलं. एवढं तरी मी लपवलं नाही.

काकी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि आवाज उतरवून, कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाल्या, "मग तू सांग. माझे डोळे भरले होते गो त्या दिवशी, मला तोंड नीट दिसलं नाय. तू तर कितीदा बघितलंस. हसत होते काय?"

मी तेरा रविवार ती चित्रं बघितली होती. काळ्या आकाशातला गोल आठवत होता, सावल्या आठवत होत्या, कोपर तर आजही आठवतं. त्या माणसाचं तोंड मी एकदाही बघितलं नव्हतं.

होय म्हणावं असं तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, हसत होते म्हटलं तर? कुठल्या तरी दूरच्या बोटीवर मजेत होते, हसत होते, आणि तरी आले नाहीत, असं होईल. नाही म्हटलं तर दुःखात होते, एकटे होते. एकदा मी कोणालातरी याच खोलीत पटकन उत्तर दिलं होतं. या वेळी मी वेळ घेतला.

"हाताची सावली पडली होती, काकी," मी म्हटलं. "तोंडावर. दिसत नव्हतं."

काकींनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"असणारच," त्या म्हणाल्या. "दर्यावर ऊन फार असतं." आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या उलथायला गेल्या.